माहेरच्या नावाचा रकाना

ताई,

दवाखान्याच्या दारातल्या फळ्यावर तुझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत. सेवाभावी, मितभाषी, मनमिळाऊ. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्या आणि पेंटरने रंगवल्या, त्यामुळे अक्षर चांगलं आहे. पण मितभाषी कोण? बाईला आत कळा येत असताना व्हरांड्यात तिच्या नवऱ्याशी हुज्जत घालून परत येणारी तू. मनमिळाऊ म्हणावं तर माझ्याशी तू अडीच वर्षं रोज भांडलीस. मी त्या फळ्यासमोर उभी राहिले आणि मला पहिल्यांदा रडू आलं ते रागाने आलं. करुणा सिस्टर म्हणून ज्या कोणा बाईबद्दल तिथे लिहिलं आहे, तिला मी ओळखत नाही.

तू जाऊन अजून महिना झाला नाही. कावीळ कशी झाली, नागपूरला न्यायला उशीर झाला की नाही, यावर सगळा दवाखाना बोलतो आहे. मी त्यात पडत नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे, कारण आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, आणि अर्धं सोडून जाण्याची तुझी रीत नव्हती.

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात सौंसरच्या आपल्या धर्मादाय दवाखान्यात तो कॉम्प्युटर आला. नागपूरच्या एका कापूस व्यापाऱ्याने पेढीसाठी नवीन घेतला आणि जुना आपल्याला दान दिला. डॉक्टरसाहेबांनी खोक्यावर हळद-कुंकू वाहून तो एक्स-रेच्या खोलीत ठेवला, कारण कूलर तेवढ्या एकाच खोलीत होता. मी तेव्हा पर्चीच्या खिडकीवर बसायचे. टायपिंगची परीक्षा पास झालेली दवाखान्यात मी एकटीच, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. तुला कोणी बोलावलं नव्हतं. तू बाळंतीण वॉर्डाची नर्स, तुझा त्या खोलीशी काही संबंध नव्हता.

तू आलीस ती त्या बाळामुळे. त्याच आठवड्यात एक बाई दुसऱ्या खेपेला बाळंत झाली. बाळ पिवळं, सुजलेलं, आणि दुसऱ्या दिवशी गेलं. आईचं रक्त निगेटिव्ह होतं. अशा बाईला पहिल्या बाळंतपणानंतर एक इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाला आईचंच रक्त बाधतं, हे मला तू सांगितलंस. पहिलं बाळंतपण आपल्याच वॉर्डात झालं होतं. रक्ताची तपासणीही आपणच केली होती. पण तपासणीचा कागद एकीकडे आणि बाळंतपणाचा दुसरीकडे, आणि दोन्ही कागद एका जागी बघणारं कोणी नव्हतं. ते बाळ तू धुतलंस, गुंडाळलंस आणि बापाच्या हातात दिलंस. मग तशीच माझ्याकडे आलीस.

"कुसुम," तू म्हणालीस, "ह्या डब्याले इचार, अशा आणखी किती बाया हायेत आपल्याकडं."

मी म्हटलं, ताई, त्याला काही माहीत नसतं, आपण भरू तेवढंच त्याला कळतं. तू म्हणालीस, "मंग भर. मी बसतो तुह्यापाशी. पण यापुढं असं लेकरू मी कोणाच्या हातात देणार नाही." त्या दिवसापासून तुझं तेवढंच एक म्हणणं होतं, आणि आपण जे काही शिकलो ते त्यासाठी शिकलो.

पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका येऊन थांबला. डीबेस नावाचा तो प्रोग्राम असाच सुरू होतो हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. पेढीचे मुनीमजी एकदाच आले, चालू-बंद करून दाखवलं, इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स माझ्या हातात दिली आणि दुपारच्या बसने परत गेले. आपण दोघी त्या ठिपक्याकडे बघत बसलो. मला वाटलं अजून काही यायचं असेल. तुला वाटलं बिघडलं. बऱ्याच वेळाने तू म्हणालीस, "थो आपली वाट पाहून राहिला वाटते. इचार ना त्याले." काय विचारू म्हटलं तर म्हणालीस, "सरळ इचार." आणि मी खरोखर सरळ विचारलं. मध्य प्रदेशातली मी, सगळी शाळा हिंदीतून झाली, म्हणून इंग्रजी अक्षरांत हिंदीतून टाईप केलं, निगेटिव्ह कौन कौन है. त्याने इंग्रजीतून कळवलं की हे काही मला समजलं नाही. "आपल्याले तरी कुठं समजून राहिलं," तू म्हणालीस आणि डब्यातली चिवड्याची पुडी सोडलीस.

पुस्तक इंग्रजी, शाळा हिंदी आणि बोलणं मराठी. एक ओळ मी इंग्रजीतून हिंदीत आणायचे, तू ती मराठीत आणायचीस, आणि तोवर मुळात काय होतं ते दोघींनाही आठवत नसे. आपल्याला जे सगळ्यात जास्त अडलं ते इतकं साधं होतं की आता हसू येतं. माहिती एकदा भरली की यंत्र आपोआप शहाणं होतं असं आपण धरून चाललो होतो. शेवटी मला आमच्या बगीच्यातली संत्र्याची छाटणी आठवली. तोडा झाला की ढिगापाशी बायका बसतात आणि मोठं फळ एका पेटीत, मधलं दुसऱ्या पेटीत टाकतात. पण मोठं कशाला म्हणायचं हे आधी ठरलेलं असतं. मी तुला म्हटलं, या यंत्राचंही तसंच आहे. प्रत्येक बाईची माहिती ठरलेल्या रकान्यांत भरायची, नाव, गाव, रक्त, तारीख, इंजेक्शन. मग त्याला सांगायचं की ढिगातून निगेटिव्ह तेवढ्या काढ. तू विचार केलास आणि म्हणालीस, "मतलब रकाने ठरवाचं काम आपलं. डोकं आपलंच." मुनीमजींच्या पुस्तकात हे पानभर लिहिलं होतं, पण आपल्याला ते असं कळलं.

तू एका बोटाने टाईप करायचीस. बोट आधी हवेत फिरायचं, मग कावळ्याने चोच मारावी तसं खाली यायचं. ड्यूटी संपली की तू कार्डांचे गठ्ठे घेऊन यायचीस, आणि मी वाचायचे, तू भरायचीस, किंवा उलट. आणि सौंसरची लाईट. त्या पहिल्या पावसाळ्यात अख्ख्या दुपारचं भरलेलं काम लाईट गेल्यावर पुसलं जायचं. जपून ठेवण्यासाठी मधे मधे फाईल बंद करावी लागते हे आपल्याला खूप उशिरा समजलं. तोवर तू त्या यंत्राला, वीज मंडळाला आणि मला अशा क्रमाने शिव्या द्यायचीस आणि मग पहिलं कार्ड पुन्हा उचलायचीस. मी दोनदा म्हटलं की सोडून देऊ. तू ऐकलंच नाही असं दाखवलंस.

दिवाळीनंतर आपण त्याला पहिल्यांदा नीट विचारलं. निगेटिव्ह बाया दाखव, ज्यांची दिवस भरण्याची तारीख होऊन गेली आहे आणि ज्यांना इंजेक्शन मिळालं नाही. पडदा भरला. बायांच्या नावापुढे बाळंतपणाचा रकाना मोकळा. एकीची तारीख उलटून वर्ष झालं होतं, एकीची दीड वर्ष. तुझा चेहरा उतरला. मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं टाईप केलं. तुला मात्र ते खरं वाटलं. तू म्हणालीस, "इतक्या बाया गेल्या कुठं, कुसुम? मेल्या का काय?"

त्या सगळ्या पांढुर्ण्याच्या कॅम्पच्या बाया होत्या. दर गुरुवारी डॉक्टरसाहेबांची जीप पांढुर्ण्याला जायची, तिथे आसपासच्या गावांच्या सुना तपासणीला यायच्या, रक्त तिथेच घेतलं जायचं. पुढच्या गुरुवारी तू जीपमध्ये बसलीस आणि तिथल्या बायांना त्या यादीतलं पहिलं नाव विचारलंस, शांता. बाया हसल्या. शांताचं पोरगं चालायला लागलं होतं. बाळंतपण कुठे झालं? अजून कुठे होणार, पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर कुठलं? सौंसर. दवाखाना? तुमचाच की.

तू परत आलीस ती तणतणतच. आपल्या वॉर्डात बाळंत झाली आणि आपल्या यंत्राला माहीत नाही, मग हे यंत्र कशाला ठेवायचं, म्हणालीस. आपण दोघींनी वॉर्डाची सगळी कार्डं पुन्हा काढली. शांता नाहीच. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी माझं स्वतःचं कार्ड शोधलं.

आपण दोघी एका गावच्या, रामाकोन्याच्या. तू बौद्ध वस्तीतली, मी पाटलांच्या आळीतली. मी शाळेत जायला लागले तेव्हा तू नर्सिंगला गेली होतीस. लग्नानंतर मी सौंसरची अर्चना झाले. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात, गल्लीत, पर्चीच्या खिडकीवर मी अर्चनाच होते. तू एकटी मला कुसुम म्हणायचीस. आमचा मुलगा आपल्याच दवाखान्यात झाला. तपासणीला मी सासरहून यायचे, आणि बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा रामाकोन्याहून आईने मला आणलं. मी दोन्ही कार्डं यंत्रात भरली आणि तुला दाखवली. पडद्यावर दोन बाया होत्या. सौंसरची अर्चना, जी तीन वर्षांपासून गरोदर होती आणि अजून मोकळी झाली नव्हती. आणि रामाकोन्याची कुसुम, जिला कधी दिवस न जाता मुलगा झाला होता.

तू इतकी हसलीस की एक्स-रेचा डॉक्टर आत डोकावून गेला. हसता हसता तू थांबलीस, खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "बापा. म्हणजे समद्या बाया आपल्याकडंच हायेत. अर्ध्या अर्ध्या."

मुनीमजींच्या पेढीवर ही चूक कधी झाली नसती. तिथे कापूस विकणारे सगळे पुरुष, जन्माला आले त्या नावाने मरणारे. ही चूक आपल्याकडेच व्हायची. नाव सासरचं, पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि मधे वाट सापडू नये अशी दोन गावं.

मग एक रकाना वाढवायचा ठरला, माहेरच्या नावाचा. आणि तिथून आपलं ते भांडण सुरू झालं. तुझं म्हणणं, माहेरचं नाव आधी, कारण ते आईबापांनी ठेवलं, ते बदलत नाही, आणि यंत्राला न बदलणारी गोष्टच लागते. माझं म्हणणं, सासरचं आधी. बाई शोधायला आपण जाणार सासरच्या दारात. तिथे माहेरचं नाव घेऊन कोणाला विचारशील? सुनेचं ते नाव दारात घेतलेलं सासूला चालत नाही. तू म्हणालीस, "नाव बदललं म्हणून बाई बदलते काय?" मी म्हटलं, तुझं बदललं नाही म्हणून तुला असं बोलणं सोपं जातं. तुझ्या लग्नात सासऱ्यांनी नावाचं विचारलं, तू नाही म्हणालीस, आणि त्यांनी मान डोलावली. मला कोणी विचारलं नाही. तू म्हणालीस, "तेच तर सांगून राहिली मी." मी म्हटलं, मला अर्चना आवडतं. तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग म्हणालीस, "बरं. मंग मी तुले अर्चना म्हणू?" कीबोर्ड माझ्या हातात होता, मी सासरचं नाव आधी ठेवलं.

नवा रकाना भरायला यंत्राचा काही उपयोग नव्हता. दर गुरुवारी तू आणि मी पांढुर्ण्याला गेलो. यादीतल्या बाया ज्या ज्या गावच्या, त्या गावच्या इतर बायांना तू विचारायचीस आणि मी कागदावर लिहायचे. सासवा सोबत असल्या की कोणी बोलायचं नाही. मग तू सासवांना वजनाच्या काट्यावर उभं करायचीस, त्यांचं बीपी तपासायचीस, आणि मी तेवढ्यात मागच्या बाकावर सुनांना विचारून घ्यायचे. बहुतेक बाया सापडल्या आणि बऱ्याच सुखरूप होत्या. कोणाचं बाळंतपण दुसरीकडे झालं होतं आणि इंजेक्शन मिळालं होतं. कोणाला दुसरं मूल नको होतं. एक गुरुवार असा आला की तिगावची बाई म्हणाली, वैशाली? तिचं माहेर सौंसर. तिकडे तिला बेबी म्हणतात. आणि तिला सातवा चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मी ते भरलं. तू मागे उभी होतीस. वैशाली तिगावची, रक्त निगेटिव्ह. बेबी सौंसरची, आपल्या वॉर्डात बाळंत, मुलगी, इंजेक्शनचा रकाना मोकळा. दोन्ही अर्ध्या बाया एका ओळीत आल्या. आपण त्यासाठीच तर सगळं शिकलो होतो, पण तेव्हा दोघींपैकी कोणालाही आनंद झाला नाही. तू फक्त म्हणालीस, "उद्या सकाळी. पहिल्या बसनं."

बसने पांढुर्णा आणि तिथून पॅसेंजरने तिगाव. रस्ताभर मी तुला बजावत होते की दारात वैशालीच म्हण. तू मान हलवत होतीस. दारात तिची सासू कापसाचं बोंड फोडत बसली होती. तू विचारलंस, "बेबी हाय का घरात?"

सासूने वर पाहिलं. "कोन बेबी? अथी बेबी-फेबी कोणी नाही. आमची सून वैशाली आहे. तुम्ही कोन?"

मी तुला कोपराने ढोसलं, पण झालं ते झालं होतं. दवाखान्याच्या आहोत, सुनेला बाळंतपणाला नागपूरला न्यावं लागेल म्हटल्यावर ती जास्तच बिथरली. पहिलं लेकरू चांगलं झालं, दुसऱ्याला काय होते? नागपूरला नेऊन कोण ठेवणार? दिवस कापूस वेचाईचे, घरी माणूस नाही. तू ओसरीवर बसलीस. मी तुझी एवढी भांडणं पाहिली होती, पण त्या दिवशी तू भांडली नाहीस. तू त्या बाईला त्या उन्हाळ्यातल्या बाळाबद्दल सांगितलंस. कसं पिवळं होतं, कसं सुजलं होतं, बापाने हातात घेतल्यावर काय विचारलं. तू सांगताना सासूच्या हातातलं बोंड तसंच राहिलं. मग म्हणालीस, "ठेवीन मी. मी राहीन तिच्यापाशी. तुम्ही फक्त हो म्हणा." सासूने हातातलं बोंड खाली ठेवलं. मग उठून आत गेली आणि आपल्या दोघींसाठी पाणी घेऊन आली.

परतीला तिगावच्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना मी तुझ्यावर तोंड सोडलं. बेबी म्हणून सगळं बिघडवत होतीस, ती हाकलून देती तर? तू बाकावर पाय सोडून बसली होतीस. म्हणालीस, "तुह्यं खरं हाय. पण तू सासूकडं पाहून राहिली होती. मी बेबी म्हटलं तशी आतून पोरगी दारात आली, थे तू पायलं नाही." मी म्हटलं, ती कोणी आलं म्हणून आली. तू म्हणालीस, "नाही. तिचं नाव घेतलं म्हणून आली." मी तोंड उघडलं आणि गाडी आली. त्यानंतर आपण त्या गोष्टीवर पुन्हा बोलायचं म्हणत राहिलो आणि बोललो नाही.

तू दिलेला शब्द पाळलास. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तू तिच्या सोबत राहिलीस, तुझी सुट्टी संपली तरी राहिलीस. बाळ दिवस भरायच्या आत काढावं लागलं, मुलगी झाली, तिचं रक्त बदलावं लागलं. मी इथे रोज खिडकीवर बसून वाट बघत होते. एका सकाळी तू त्याच साडीत, केस न विंचरलेली, एक्स-रेच्या खोलीत आलीस. मला खुर्चीवरून उठवलंस. वैशालीची ओळ शोधलीस. बोट हवेत फिरलं, खाली आलं, पुन्हा फिरलं. इंग्रजी अक्षरांत तू लिहिलंस, बाळ जिवंत. असा रकानाच आपण ठेवला नव्हता. तू गावाच्या रकान्यात लिहून टाकलंस. मी ते तसंच राहू दिलं. तू स्क्रीनकडे बघत रडलीस आणि मला म्हणालीस, "पाहून नको राहू माह्याकडं."

तुझे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धतच नव्हती. मी पर्च्या फाडणारी बाई होते आणि आयुष्यभर फाडत राहिले असते. आता मला बाहेरून लोक विचारायला येतात, सोसायटीचे, शाळेचे, की आमचंही असं यंत्रात बसवून द्या. डॉक्टरसाहेब माझी ओळख करून देताना कॉम्प्युटरवाल्या अर्चनाताई म्हणतात. हे सगळं तुझ्यामुळे आहे आणि तुला ते माहीत होतं, म्हणूनच तू मला इतकं टाकून बोलायचीस. अजून एक गोष्ट राहिली. तू आमच्या घरी आलीस की ओट्यावर बसायचीस आणि चहा मी बाहेर आणायचे. जगातल्या सगळ्या विषयांवर आपण भांडलो, पण या गोष्टीवर दोघींपैकी कोणीच कधी तोंड उघडलं नाही. तू गेल्यावर मला सारखा तो ओटा दिसतो.

आणि मला फार एकटं वाटतं, ताई. आई गेल्यावर रामाकोन्याला माझं कोणी राहिलं नाही. सौंसरात मला कुसुम म्हणून हाक मारणारी तू एकटी होतीस. मला अर्चना आवडतं हे मी तेव्हा खरंच म्हटलं होतं. पण तू मला अर्चना म्हणू का असं विचारलंस, तेव्हा मी घाबरले होते, की तू खरंच म्हणायला लागशील.

तुझ्या जलदानविधीला रामाकोन्याच्या विहारात गेले. यांना बरोबर घेऊन गेले, घरी कोणाला विचारलं नाही. पांढऱ्या साड्यांची रांग, मेणबत्त्या, तुझा फोटो. तुझ्या आईला आता नीट दिसत नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, जो येईल तो वाकून नाव सांगायचा आणि ती मान हलवायची. मी वाकले आणि काय सांगावं ते मला समजेना. मग म्हटलं, "कुसुम." तिने माझे हात धरून ठेवले. हे माझ्या मागेच उभे होते, त्यांनी ऐकलं.

तेवढ्यात दारात तिगावची ती सासू दिसली. पायात चप्पल नाही, अंगावर धुतलेलं लुगडं. बरोबर सून, सुनेच्या कडेवर ती मुलगी, आता वर्षाची होईल. इतक्या लांबून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. सून नुसती रडत होती. सासू तुझ्या आईसमोर बसली आणि तिने सुनेचा हात ओढून तुझ्या आईच्या हातात दिला.

"माय," ती म्हणाली, "हे आमची बेबी. सिस्टरनं वाचवलं तेच. आन् हे तिची पोरगी."

वैशाली म्हटलं असतं तर तुझ्या आईला काही उमगलं नसतं. तू घरी सांगताना बेबीच म्हणत असणार. तुझ्या आईने लगेच ओळखलं आणि मुलीच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. सासूच्या तोंडून ते नाव इतकं सहज आलं की जवळच्या कोणाला त्यात काही वाटलं नाही. मला एकटीला वाटलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

सोमवारी दवाखान्यात गेले आणि पहिलं काम ते केलं. फाईल उघडली आणि रकान्यांचा क्रम बदलला. आता माहेरचं नाव आधी आहे आणि सासरचं नंतर. सगळ्या बायांचं. माझ्या स्वतःच्या ओळीतही. भांडण तू जिंकलीस, ताई. हरले म्हणून सांगायला तरी तू असायला पाहिजे होतीस.